खुंटीवरचा आळ

टेक्ससमधल्या गहाणवटीच्या दुकानात एक भिंत गिटारींची असतेच. खालच्या काचेच्या कपाटात अंगठ्या आणि घड्याळं, कोपऱ्यात ड्रिल मशिनं, गवत कापायची यंत्रं, आणि वर हात पुरेल न पुरेल अशा उंचीवर ओळीने टांगलेल्या गिटारी. आमच्या लहानपणी सांगलीत गहाणाच्या व्यवहाराला लोक दिवेलागणीनंतर, पदराआड काहीतरी झाकून जात. अर्विंगच्या बेल्टलाइन रोडवर त्याच व्यवहाराला झगझगीत पाटी आहे, पार्किंगला ऐसपैस जागा आहे आणि दार उघडल्याबरोबर हसून स्वागतही होतं. कुणाच्या अडचणीतून आलेली वस्तू आपण घ्यावी का, हा सांगलीकडचा प्रश्न मी गाडीतून उतरताना बरोबर घेऊन आले होते. गिटारी दिसल्यावर तो कुठे गेला कोण जाणे.

मी घेतली ती स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची, पण दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीची. रंग एके काळी पांढरा असावा, आता पिवळट. काउंटरवरच्या मुलाने काही लपवलं नाही. "सगळं चालतं," तो म्हणाला. "फक्त सुरात राहत नाही. खुंट्या बदलून घ्या, झालं."

हा सल्ला मला पुढे सगळ्यांनी दिला. महाराष्ट्र मंडळातल्या हौशी वादकांनी दिला, ऑफिसातल्या एका ड्रमवाल्याने दिला, आणि ज्यांनी आयुष्यात वाद्याला हात लावलेला नाही अशा आमच्या घरच्यांनीही दिला. जुनी गिटार बेसूर होते म्हटलं की सगळ्यांची बोटं खुंट्यांकडे वळतात. साहजिक आहे. सूर लावताना आपण खुंटीच पिळतो, तेव्हा सूर सुटला तर तीच सैल झाली असणार.

आमच्या घरात मिरजेचा तंबोरा आहे आणि त्याच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. त्याची खुंटी लाकडाची, लाकडातल्या भोकात नुसत्या घर्षणावर उभी. दमट हवेत फुगून अडते, कोरड्या हवेत सैल पडते, मग तिला खडू चोळायचा आणि आत दाबत दाबत पिळायची. इलेक्ट्रिक गिटारच्या खुंटीचा कारभार निराळा. तिच्या पोटात मळसूत्र कोरलेली एक बारीक दांडी असते आणि त्या मळसुत्रात गुंतलेलं एक दातेरी चाक. कान पिळला की दांडी चाकाला फिरवते. चाकाला मात्र दांडी उलट फिरवता येत नाही. तार कितीही ओढू दे, ही खुंटी आपण होऊन सैल पडत नाही. जुनी झाली की पिळताना थोडा मोकळा फेरा जातो, तेवढा त्रास खरा. पण सूर नेहमी खालून वर चढवत आणला की तोही भरून निघतो.

खरा चोर दोन बोटं खाली असतो. गिटारची मान जिथे डोक्याला मिळते तिथे हाडाची किंवा प्लास्टिकची एक आडवी पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिच्यात सहा खाचा, आणि प्रत्येक खाचेतून एक तार. खाच अरुंद असली किंवा तिच्यात वर्षानुवर्षांचा घाम आणि गंज साठला असला की तार तिच्यात अडकते. आपण तार दाबून ओढतो, मींड घेतो, तार खाचेतून जराशी सरकते आणि परत जागेवर येत नाही. खुंटी पिळताना 'टिक्' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारून पुढे गेला, तर चोर खाचेतच आहे. उपाय काय, तर शिसपेन्सिलीचं टोक खाचेत घासायचं. ग्राफाइटची पूड वंगणाचं काम करते. त्याने भागलं नाही तर बारीक कानशीने खाच हलकेच मोकळी करायची.

चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचं याहून चोख उदाहरण मी पाहिलेलं नाही. आणि गंमत अशी की ही सुळी लागूही पडते. माणूस नव्या चकचकीत खुंट्या आणतो. त्या बसवायच्या म्हणून जुन्या तारा काढतो, नव्या चढवतो, काढता-घालताना खाचा जरा पुसल्या जातात. मग काही दिवस गिटार छान सुरात राहते. खुंटीवरचा आळ पक्का होतो आणि तो माणूस पुढच्या दहा जणांना खुंट्या बदलायला सांगत सुटतो.

हे मला ज्याने दाखवलं तो इथलाच एक म्हातारा कारागीर, घरामागच्या गॅरेजात दुरुस्तीचं बाक टाकून बसलेला. त्याची पद्धत अशी, की गिटार आणून दिली तर तो ती हातात घेत नाही. "वाजवा, मॅम," म्हणतो, आणि पाठ करून उभा राहतो. सूर उतरला तर उतरू द्यायचा. कुठल्या तारेचा, ओढल्यानंतर की आपोआप, उतरला की चढला, एवढंच तो ऐकतो. तार ओढल्यावर सूर चढा राहिला तर दोष वेगळ्या जागी, उतरला तर वेगळ्या. पेचकस सगळ्यात शेवटी. डॉक्टर जुने असले की नाडी बघत, तपासण्या मागाहून सांगत, तशातला हा प्रकार.

त्याच्या बाकावर माझी गिटार उघडली तेव्हा तिच्यातले बिघाड कमी आणि आधीच्या मालकांनी केलेल्या दुरुस्त्याच जास्त निघाल्या. जॅकची चकती सैल झाली की लोक ती बाहेरून पान्याने आवळतात. आतला जॅकही तिच्याबरोबर फिरतो, त्याला डाग देऊन जोडलेली वायर पिळली जाते आणि एके दिवशी तुटते. हिची वायर तुटली होती, कुणीतरी पुन्हा जोडली होती आणि उघड्या जागेवर टेपऐवजी चक्क बँड-एड चिकटवलं होतं. एका खुंटीचा स्क्रू गायब. दुसऱ्याचे आटे गेलेले, म्हणून त्या भोकात काडेपेटीची काडी ठोकलेली. इथेही काडीच! आमच्या गल्लीतला सुतार दाराच्या बिजागरीला हेच करायचा, फक्त वर फेव्हिकॉलचा थेंब सोडायचा. इथल्या मालकाने तेवढा थेंब वाचवला होता. आम्ही काडी काढून गोंदासकट नवी घातली, दुसऱ्या दिवशी स्क्रू घट्ट बसला.

ब्रिजवर प्रत्येक तारेला आपली स्वतंत्र सॅडल असते. ती दोन बारीक स्क्रूंवर वरखाली होते आणि मागच्या एका स्क्रूने पुढेमागे. हिच्यावर काही सॅडल मूळच्या आणि काही नंतरच्या, त्यामुळे काही स्क्रू इंचातले आणि काही मिलिमीटरमधले. एक सोळांश इंचाच्या भोकात दीड मिलिमीटरची अ‍ॅलन की जवळजवळ बसते, आणि सगळं नुकसान त्या जवळजवळ बसण्यातच होतं. जोर लावला की भोकाच्या सहाही कडा गोल होतात, मग तो स्क्रू कुठल्याच चावीचं ऐकत नाही. माझ्या पेटीतल्या पुण्याहून आणलेल्या चाव्या सगळ्या मिलिमीटरच्या. म्हाताऱ्याने त्या बाजूला सारल्या, गंजलेल्या स्क्रूवर तेलाचा थेंब सोडला आणि आम्हाला चहा प्यायला पाठवलं.

फ्रेट्सनी सगळ्यात जास्त सांगितलं. फ्रेट तांबं, जस्त आणि निकेलच्या मिश्रधातूच्या असतात, पोलादी तारेपेक्षा मऊ. जिथे बोट जास्त पडतं तिथे तारेखाली खड्डा पडतो. हिच्या पहिल्या तीन फ्रेट्सवर बारक्या तारांखाली खोल खड्डे होते, पाचव्याच्या पुढे जवळपास काहीच नाही. म्हणजे आधीचा मालक कॉर्ड धरून गाणारा. जी, सी, डी. कंट्री, चर्च किंवा कॅम्पफायर. चढ्या सुरांकडे तो कधी फिरकला नाही. त्याचं नाव, वय, अडचण, काही ठाऊक नाही. बोटं कुठे पडत होती तेवढं मात्र नक्की ठाऊक आहे.

वाद्य असं पूर्ण उघडून टेबलावर मांडायचं मला सुरुवातीला जड गेलं. वाद्याला पाय लागला तर नमस्कार करायचा, तंबोरा आडवा ठेवायचा तोही गवसणी घालून, अशात मी वाढले. पण ही गिटार मुळात उघडण्यासाठीच केलेली आहे. तिचा आराखडा ज्याने काढला तो लिओ फेंडर गिटार वाजवत नसे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने १९५४ साली बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरची मान चार स्क्रूंनी धडाला जोडलेली आहे. खराब झाली तर काढा, दुसरी लावा. तारांचा सगळा मिळून ताण पंचेचाळीस किलोंच्या आसपास असतो आणि मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा तेवढ्याच जोराने उलटं ओढतात. मानेच्या आत एक पोलादी सळई असते. लाकूड ताणाने वाकलं की तिच्या टोकाचा पेच पाव फेरा फिरवून ते सरळ करायचं, आणि इथल्या हवेत, हिवाळ्यात हीटर आणि उन्हाळ्यात एसी चालू असताना, हा पाव फेरा ऋतूगणिक द्यावा लागतो. हे वाद्य दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यातून आलेलं आहे, त्यामुळे पेचकस लावण्यात त्याचा अपमान कुठला? खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर तंबोरा, लॅपटॉप आणि पेचकसांची पेटी एका रांगेत असतात. त्यात गिटार आली, एवढाच बदल.

मिरजेतली गोष्टही याहून फार लांबची नाही. तिथे तंतुवाद्यं घडवायला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुरुवात केली ती फरीदसाहेब शिकलगार यांनी. शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींची गिऱ्हाइकं कमी झाली, आणि धातू-लाकडाचं कसब वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग घडवण्याकडे वळलं. त्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी सतारमेकर गल्ली वसवली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणायचा, सावलीत वाळवायचा, त्यावर तूणाच्या लाकडाचा दांडा चढवायचा, हे काम तिथे आजही हाताने चालतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, जे मिरजेत राहिले, ते गाण्याइतकेच वाद्यदुरुस्तीतही तरबेज होते. तंबोरा स्वतः उघडून बसणारा गवई मिरजेने पाहिलेला आहे.

अर्विंगच्या मातीतही एका डागाळलेल्या गिटारची गोष्ट आहे. डॅलसच्या ओक क्लिफ भागात १९५४ साली जन्मलेला गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन. त्याने 'सोल टू सोल' हा अल्बम १९८५मध्ये ध्वनिमुद्रित केला तो डॅलस साउंड लॅबमध्ये. नाव डॅलसचं, स्टुडिओ आमच्या अर्विंगच्या लास कोलिनासमधला. त्याची लाडकी स्ट्रॅटोकास्टर, जिला तो 'नंबर वन' म्हणे, त्याने सत्तरच्या दशकात ऑस्टिनमधल्या एका दुकानातून जुनीच घेतली होती. तिची मान १९६२ची, धड १९६३चं. सूर हलवायची दांडी डावखुऱ्यांसाठी केलेली, त्यामुळे ती भलत्याच बाजूला. अंगावरचा रंग जागोजागी लाकडापर्यंत उडालेला. जाडजूड तारा आणि त्याचा हात, यांमुळे सॅडलवर तारा सारख्या तुटत. तेव्हा त्याचा तंत्रज्ञ रेने मार्टिनेझ विजेच्या वायरीवरचं प्लास्टिकचं आवरण कापून, त्याची नळी तारेवर चढवून सॅडलपाशी बसवी. फ्रेट्स इतक्या वेळा बदलल्या की अखेरीस मानेचं लाकूड आणखी फ्रेट्स घ्यायच्या लायकीचं उरलं नाही. १९९०च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत रंगमंचावरचं सामान कोसळून तेव्हा तिच्यावर असलेली बदली मान मोडली, आणि त्याच ऑगस्टमध्ये हेलिकॉप्टर अपघातात तो स्वतः गेला.

पुढचं मला जरा चमत्कारिक वाटतं. १९९२मध्ये फेंडर कंपनीने त्याच्या नावाची गिटार बाजारात आणली, त्यात ती डावखुरी दांडी जशीच्या तशी ठेवली. मग २००४ साली खुद्द 'नंबर वन'च्या मर्यादित प्रती काढल्या, ओरखडे आणि उडालेला रंग यांसकट. कारखान्यात कुणीतरी बसून नव्या लाकडावर दुसऱ्याच्या आयुष्यातले ओरखडे मोजूनमापून पाडले. ते विकत घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. आपणही नव्या बंगल्यात वाड्याचे जुने खांब आणून उभे करतोच. पण बँड-एडची प्रत अजून कुणी काढलेली नाही, याचं मला बरं वाटतं. तसं म्हटलं तर अर्विंगची सगळ्यात प्रसिद्ध इमारतही छपराला भलंमोठं भोक असलेली होती. टेक्सस स्टेडियम, १९७१ साली उघडलेलं. प्रेक्षक छपराखाली, मैदान उघड्यावर. देवाला आपला संघ खेळताना दिसावा म्हणून ते भोक ठेवलंय, असं इथले लोक अभिमानाने सांगत. २०१०च्या एप्रिलमध्ये स्टेडियम सुरुंग लावून पाडलं, पण भोकाच्या गोष्टी अजून चालू आहेत.

जॅक झाला, स्क्रू झाले, आवाजाच्या बटणाची खरखर फवारा मारून गेली. राहिली ती भणभण. खालच्या तारा काही फ्रेट्सवर वाजवल्या की झिजलेल्या शेजारच्या फ्रेटला घासून भणभणत. कारागिराने तारा उंच केल्या तेव्हा भणभण थांबली, पण बोटांना तारा दाबवेनात. खाली केल्या की पुन्हा भणभण. मधल्या कुठल्यातरी उंचीवर तो थांबला आणि म्हणाला, अ‍ॅम्पमधून ऐकू येत नसेल तर ती नाहीच असं समजा.

मला हसू आलं. कारण मिरजेत नेमकं हेच घासणं मिळवण्यासाठी कारागीर दिवस घालवतो. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते. तिच्यावरून तार जाताना टेकते-न टेकते अशी हवी. कानशीने जरा घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा तार उतरवून घासायचं. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो केसाइतका मागेपुढे करायचा, की एकदम आवाज उलगडतो. ही जवारी. ती नसलेला तंबोरा नुसता टणटण वाजतो. तो बाजूला ठेवून लोक चहाला जातात. गिटारवाल्याला जो दोष वाटतो त्याच्यावरच आमचं सगळं गाणं टेकलेलं आहे. अमेरिकेलाही एकदा याचा मोह पडला होता. १९६७मध्ये डॅनइलेक्ट्रो कंपनीने व्हिन्सेंट बेल या वादकाच्या कल्पनेतून 'कोरल' नावाची इलेक्ट्रिक सतार काढली. अंगाने ती गिटारच, फक्त ब्रिज मुद्दाम सपाट आणि रुंद, तार भणभणावी म्हणून. तिचा आवाज त्या काळच्या बऱ्याच गाण्यांत आहे. ऐकला की सतारीची आठवण येते, सतार आठवते म्हणून नव्हे, तर नेमकं काय कमी आहे ते कळतं म्हणून. जवारी प्रत्येक तारेची वेगळी, हाताने काढायची गोष्ट. ती एका पट्टीत भरून विकता येत नाही. मी माझ्या गिटारच्या सॅडलवर सुताचा दोरा घालून पाहिला होता. तार टेकण्याची धारदार जागा इतकी अरुंद की दोऱ्याला काही करायला वावच नाही. आवाज मात्र असा निघाला की घरातल्या मंडळींनी स्वयंपाकघरातून विचारलं, काय जळतंय का.

भणभण गिटारची, पण गुणगुण कुणाची? अ‍ॅम्प चालू केला, तारांना हात नाही लावला, तरी एक बारीक घुमणारा सूर येत राहतो. स्ट्रॅटच्या घाटाच्या पिकअपमध्ये एकच वेटोळं असतं: चुंबकांभोवती हजारो फेरे गुंडाळलेली केसासारखी तांब्याची तार. ती तारांची थरथर पकडते आणि भिंतीतल्या विजेची कंपनंही पकडते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली दोन उलट वेटोळी शेजारी ठेवून ती गुणगुण मारली. माझ्या गिटारला तो उपचार नाही. करायचा तर पिकअप बदलावे लागतील आणि आवाजाचा पोतच जाईल. म्हणून मी गुणगुण तशीच ठेवली, आणि एका रात्री सहज तिचा सूर लावून पाहिला. इथल्या विजेची सेकंदाला ६० आवर्तनं होतात, भारतातल्या विजेची ५०. साठ आणि पन्नासचं नातं सहास पाच. सहास पाच म्हणजे शुद्ध श्रुतीतला कोमल गंधार. सांगलीच्या घरातल्या भिंतीतली गुणगुण षड्ज धरली, तर अर्विंगच्या भिंतीतली तिचा कोमल गंधार. ही काही कुणी ठरवून केलेली योजना नाही, दोन देशांच्या इंजिनिअरांनी घेतलेले दोन निर्णय आहेत. पण अ‍ॅम्प चालू केला की मला आता ते ऐकू येतंच, आणि पिकअप बदलायचा विषय आपोआप मागे पडतो.

एक दोष तेवढा कशानेच जात नव्हता. मोकळ्या तारा सुरात, बाराव्या फ्रेटवरचे सूर सुरात, सॅडल जागच्या जागी. आणि मेजर कॉर्ड धरली की तिच्यातला गंधार चढा. मी सॅडल पुढे केली, मागे केली. कारागिराने यंत्र लावून दाखवलं, काटा मधोमध. "मॅम, याच्याहून सुरात गिटार होत नाही," तो म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. गिटारच्या फ्रेट्स सप्तकाचे बारा समान भाग करून ठोकलेल्या असतात. त्या हिशेबातला शुद्ध गंधार, अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर, नैसर्गिक गंधारापेक्षा चौदा भाग चढा येतो. ज्याने तो कधी खाली ऐकलाच नाही त्याला काही खटकत नाही. पण तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार आपोआप उमटतो. लहानपणी रोज पहाटे तो कानावर पडलेला असला की चौदा भाग फार होतात. याच भांडणापायी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. अब्दुल करीम खाँ त्यांना सूर गाऊन दाखवत आणि देवल मोजत. श्रुतींची खास पेटीही त्यातून बनवून घेतली गेली. पेटी चालली नाही, साधी हार्मोनियमच घरोघर गेली, आणि तिच्या चढ्या गंधारावर आपण नाट्यसंगीत ऐकून खूशही झालो. तेव्हा गिटारला एकटीला कोर्टात उभं करण्यात अर्थ नाही.

तरी कान ऐकत नाही. मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम होती, एक भावगीत बसवत होतो. गंधारावर मुक्काम असलेली ओळ आली की मी ती तार बोटाखाली जरा सैल धरायची, मान हलकेच पुढे दाबून सूर उतरवायचा, असा माझा मार्ग काढला होता. कीबोर्डवरच्या कॉलेजातल्या मुलाने तिसऱ्या वेळी वाजवणं थांबवलं. "काकू, तुमची तार उतरतेय. खुंट्या बदलून घ्या ना, ऑनलाइन स्वस्त मिळतात." तबल्यावरचे काका मात्र डोळे मिटून मान डोलवत होते. मी दोघांनाही हो म्हटलं.

आता कारागिराचं म्हणणं पडलं आहे की फ्रेट्स बदलाव्यात. झिजलेल्या फ्रेट्स घासून सपाट करायच्या तर धातू पुरेसा उरत नाही. नव्या घालायला तो जेवढे पैसे सांगतो तेवढ्यात अशी आणखी एक गिटार येईल. हा हिशेब आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर झाला आणि त्यात मी हरले. तरीही बदलणार आहे. दुसरी गिटार म्हणजे दुसऱ्या कुणाचे खड्डे, दुसरी काडी, दुसऱ्या कुठल्यातरी जवळजवळ बसणाऱ्या चावीने गोल झालेले स्क्रू, आणि ही तर आता मला आतून बाहेरून माहीत झालेली आहे. शिवाय पहिल्या तीन फ्रेट्सवर मला फारसं कामच नसतं. माझी पट्टी काळी चार, तिचा षड्ज दुसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटला येतो आणि बोटं तिथेच सातव्यापासून तेराव्यापर्यंत मींड घेत घुटमळतात. कारागिराला मी सांगितलं आहे की तिथली फ्रेट जरा उंच आणि कडक धातूची घाल. तो म्हणाला, त्या जागी कुणाचीच झिजत नाही, मॅम. मी म्हटलं, वर्षभराने बघा.